बुलढाण्यातली निहाली: जिचं जगात कुणी नातलग नाही, ती भाषा जनगणनेत जाते कुठे?

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये, महाराष्ट्रात भाषेवरून जे काही झालं ते तुम्हाला आठवत असेल. १६ एप्रिलला शासन निर्णय आला की पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा असेल. मग वाद पेटला. १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्यात 'अनिवार्य' शब्द जाऊन 'सर्वसाधारणपणे' आला. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत, अशी अटही आली. शेवटी २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

या अडीच महिन्यांत एक शब्द आपण सगळ्यांनी हजारदा वापरला. मातृभाषा. रील्समध्ये, ट्विटमध्ये, मोर्चाच्या फलकांवर. आणि वापरताना आपण एक गोष्ट धरून चाललो होतो की महाराष्ट्रातल्या मुलाची मातृभाषा म्हणजे मराठी. मुंबईत आलेल्या परप्रांतीयांचा अपवाद सोडला तर बाकी काय प्रश्न आहे?

प्रश्न आहे, आणि तो मुंबईत नाही. तो बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे.

बुलढाणा म्हटलं की बाहेरच्या माणसाला शेगाव आठवतं, लोणारचं सरोवर आठवतं, सिंदखेडराजा आठवतं. जिल्ह्यातली माणसं मात्र आधी विचारतात, "घाटावरचे की घाटाखालचे?" बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोद हे घाटाखाली. या घाटाखालच्या भागातून उत्तरेकडे जात राहिलं की पूर्णेचं सपाट खोरं संपतं आणि सातपुडा सुरू होतो. पलीकडे मध्य प्रदेशचा बुऱ्हाणपूर जिल्हा. जळगाव जामोद तालुक्यातली जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा आणि आजूबाजूची गावं-वाड्या या पट्ट्यात येतात. इथे निहाल समाजाची काही कुटुंबं राहतात आणि त्यांच्यातले काही जण निहाली बोलतात.

निहाली बोलणाऱ्यांचा अंदाज दोन ते अडीच हजारांचा सांगितला जातो. म्हणजे एखाद्या मध्यम गावाची लोकसंख्या.

नातलग नसलेली भाषा म्हणजे काय?

मराठीला नातलग भरपूर आहेत. हिंदी, गुजराती, बंगाली या तिच्या बहिणी-चुलत बहिणी. लांबून पाहिलं तर फारसी आणि इंग्रजीसुद्धा त्याच खानदानातल्या. हा इंडो-युरोपीय भाषांचा परिवार. विदर्भात गडचिरोली-चंद्रपूरकडे गोंडी बोलली जाते, ती तेलुगू-कन्नडच्या घरातली, म्हणजे द्राविडी. मेळघाटातली कोरकू तिसऱ्याच घरातली. ती मुंडा भाषा, झारखंडमधल्या संथाली आणि मुंडारीची नातलग. मुंडा भाषांमधली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा म्हणजे आपली कोरकू.

विदर्भात अशी तीन भाषाकुळं एकत्र नांदतात, हेच मुळात भारी आहे. पण निहाली या तिन्हींत बसत नाही. तिच्यात कोरकूतून आलेले शब्द खूप आहेत. मराठी-हिंदीतून आलेले आहेत. दोन, तीन, चार हे आकडे द्राविडी भाषांच्या जवळचे आहेत. हे सगळं बाजूला काढलं तरी तळाशी शब्दांचा एक गठ्ठा उरतो, जो कशाशीच जुळत नाही. पाण्याला 'जोप्पो', विस्तवाला 'आपो'. उसने शब्द सहसा वस्तूंचे असतात. चहा, साबण, मोबाईल, तहसील. पाणी, विस्तव यांसारखे रोजचे शब्द शेवटपर्यंत घरचेच राहतात. निहालीतले हे घरचे शब्द कुठल्या घरचे, ते कुणालाच सांगता आलेलं नाही.

अशा भाषेला भाषावैज्ञानिक 'एकाकी भाषा' म्हणतात. जगात अशा भाषा मोजक्याच. स्पेन-फ्रान्स सीमेवरची बास्क ही सगळ्यात प्रसिद्ध. पाकव्याप्त काश्मीरच्या गिलगिट-हुंझा भागातली बुरुशास्की ही आणखी एक. आणि तिसरं नाव घ्यायचं तर जळगाव जामोद तालुक्यातलं. बास्कला स्वतःचं सरकार आहे, शाळा आहेत, टीव्ही चॅनल आहे. निहालीकडे यातलं काहीही नाही. तिला लिपीही नाही.

या भाषेची पहिली ठळक नोंद ब्रिटिश काळातली. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली आला. त्यात स्टेन कोनोव यांनी तिला कोरकूजवळ, मुंडा भाषांच्या रांगेत बसवलं. सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष जाऊन घेतलेली टिपणं १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या सामग्रीवर डच विद्वान कुइपर यांनी १९६२ मध्ये पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून निहालीचं कोडं जगभरच्या भाषावैज्ञानिकांना माहीत झालं. १९९६ मध्ये आशा मुंडले यांचा निहाली शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला, तो ज्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला त्याचं नावच 'मदर टंग' होतं. २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने के. एस. नागराज यांचं निहालीवरचं पुस्तक काढलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले शैलेंद्र मोहन यांनी या गावांमध्ये जाऊन निहालीचं दस्तऐवजीकरण केलं. ते पुढे त्याच म्हैसूरच्या संस्थानाचे संचालक झाले.

म्हणजे अभ्यास झालेला नाही असं नाही. ॲमस्टरडॅमपासून पुण्यापर्यंत झालेला आहे. बुलढाण्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय, हा वेगळा मुद्दा.

या अभ्यासाच्या इतिहासातली एक गोष्ट मात्र खटकते. निहालीतले शब्द कुणाशी जुळेनात, तेव्हा कुइपर यांनी एक शक्यता अशीही मांडली की ही कदाचित मुद्दाम घडवलेली गुप्त बोली असेल, चोरांची सांकेतिक बोली असते तशी. विद्वानांच्या चर्चेत ही एक शक्यता म्हणून ठीक असेल. पण लहान आणि गरीब समाजाची भाषा समजत नाही, तेव्हा ती 'लपवाछपवीची' आहे हा संशय किती सहज मनात येतो, ते पाहा. बास्कबद्दल असं कुणी म्हणालं असतं का?

मातृभाषेचा रकाना

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. देशाची जनगणना होऊ घातली आहे. १६ जून २०२५ ला तिची अधिसूचना निघाली. घरांची नोंद एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. बर्फाळ भाग वगळता देशभरासाठी संदर्भ दिवस १ मार्च २०२७. चर्चा बहुतेक सगळी जातगणनेची चालू आहे, आणि ती व्हायलाच हवी. पण माणसं मोजताना आजवर आणखी एक प्रश्न विचारला जात आलाय. तुमची मातृभाषा कोणती?

प्रश्न साधा वाटतो. जनगणनेची मातृभाषेची व्याख्या मात्र वाचण्यासारखी आहे. मातृभाषा म्हणजे त्या व्यक्तीच्या बालपणी तिच्या आईने तिच्याशी बोललेली भाषा. आई लहानपणीच वारली असेल तर बालपणी घरात मुख्यतः जी बोलली जायची ती. तान्ही मुलं आणि मूकबधिर व्यक्तींसाठी आई सहसा बोलते ती. शंका असेल तर घरात मुख्यतः बोलली जाते ती.

ही व्याख्या नीट पाहिली तर लक्षात येतं की त्या माणसाला आज कोणती भाषा येते, हे तिच्यात कुठेच नाही. तो विचार कोणत्या भाषेत करतो, तो स्वतःला कुठल्या भाषेचा समजतो, यालाही जागा नाही. फक्त आई काय बोलत होती, एवढंच.

फिनलंडच्या भाषातज्ज्ञ तोवे स्कुटनाब-कांगास यांनी मातृभाषा ठरवायच्या चार कसोट्या सांगितल्या होत्या. सर्वात आधी कोणती शिकलात, सर्वात चांगली कोणती येते, सर्वात जास्त कोणती वापरता आणि तुम्ही स्वतःला (किंवा लोक तुम्हाला) कोणत्या भाषेचे मानता. सदाशिव पेठेतल्या माणसासाठी या चारही प्रश्नांचं उत्तर एकच येईल, मराठी. म्हणून त्याला हा शब्द सोपा वाटतो.

आता समजा, सोनबर्डीकडचा एक तिशीतला माणूस आहे. (हे फक्त उदाहरण आहे, कुणा विशिष्ट माणसाबद्दल नाही.) त्याचे वडील निहाल, घरी आजी-आजोबा निहाली बोलायचे. आई लग्न होऊन आली ती कोरकू बोलणाऱ्या घरातून. शाळा मराठी. बाजार जळगाव जामोदचा, तिथे मराठी. डोंगरापलीकडे कामाला गेला तर हिंदी. त्याने सर्वात आधी ऐकली ती कदाचित निहाली आणि कोरकू एकत्र. लिहायला-वाचायला येते ती मराठी. दिवसभर वापरतो ती मराठी-हिंदी मिसळून. आणि तो स्वतः निहाल आहे.

जनगणनेच्या व्याख्येने त्याची मातृभाषा कोरकू. शाळेच्या दाखल्यावर बहुधा मराठी. निहालीचा नंबर कुठेच लागत नाही, जरी त्याच्या घरात ती रोज बोलली गेली असली तरी.

हा 'आई'चा मुद्दा मला फार गमतीचा वाटतो. आपल्याकडे लग्न झालं की मुलगीच घर सोडते. ती दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या बोलीतून येते, सासरची भाषा शिकते आणि मग त्याच भाषेत मुलाशी बोलते. निदान सासूसमोर तरी. 'मातृभाषा' या शब्दात आई आहे खरी, पण पुष्कळ घरांत आईची स्वतःची बोली मामाच्या गावाला गेल्यावरच ऐकू येते.

'निहाल' नाव, 'कोरकू' दाखला

निहालीची अडचण इथेच संपत नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव आहे, पण स्वतंत्र नाही. 'कोरकू, बोपची, मौआसी, निहाल, नाहुल, बोंधी, बोंडेया' अशी एकच नोंद आहे आणि तिचं पहिलं नाव कोरकू. मध्य प्रदेशच्या यादीतही हाच गट आहे. आरक्षणासाठी, दाखल्यासाठी ही नोंद उपयोगाचीच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरकारी कागदावर वर्षानुवर्षं ज्याचं नाव 'कोरकू' या ओळीत येतं, त्याला दारात आलेल्या माणसाने भाषा विचारली तर तो काय सांगेल? आणि विचारणारा काय लिहील?

खरं तर जनगणनेचे नियम याबाबत बरेच चांगले आहेत. प्रगणकांना सूचना असते की समोरचा माणूस जे नाव सांगेल तेच लिहायचं. सांगितलेली भाषा ही दुसऱ्या कुठल्या भाषेची बोली आहे का, हे प्रगणकाने ठरवायचं नाही. धर्मावरून भाषेचा अंदाज बांधायचा नाही. घरातल्या सगळ्यांची मातृभाषा एकच असेल असंही गृहीत धरायचं नाही. कागदावर हे अगदी नेमकं आहे. प्रत्यक्षात प्रगणक बहुतेकदा शाळेतले गुरुजी किंवा मॅडम असतात, एका दिवसात खूप घरं करायची असतात आणि घरातला कर्ता पुरुष सगळ्यांच्या वतीने एका दमात उत्तरं देतो. "मराठीच लिहा ना सर."

त्यात नावांचा घोळ आहे. खानदेश-निमाडच्या बाजूला 'नहाली' नावाने ओळखली जाणारी आणखी एक बोली आहे, ती भिलीसारखी, आर्य कुळातली. निहाली आणि नहाली यांत एका वेलांटीचा फरक, पण भाषा म्हणून दोन्ही पूर्ण वेगळ्या. जुन्या कागदपत्रांत तर निहालीलाही 'नहाली'च लिहिलंय. त्यामुळे उद्या कुणी आकडा सांगितला, तरी तो कुणाचा आकडा, हे विचारावं लागतं.

१९,५६९ मधून १२१

लोकांनी उत्तर दिलं, प्रगणकाने लिहिलं. पुढे काय होतं, ते फार कमी लोकांना माहीत असतं.

२०११ च्या जनगणनेत देशभरातून मातृभाषा म्हणून १९,५६९ वेगवेगळी नावं आली. यात स्पेलिंगचे फरक, गावांची-जातींची नावं, सगळं आलं. मग कार्यालयात छाननी झाली. त्यातून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. १,४७४ नावांचं वर्गीकरण होऊ शकलं नाही, ती 'इतर' मध्ये गेली. नंतर या मातृभाषा मोठ्या भाषांखाली गटागटाने घातल्या गेल्या आणि ज्या भाषांचे बोलणारे १०,००० किंवा त्याहून जास्त, त्यांचीच नावं प्रसिद्ध झाली. शेवटी उरल्या १२१ भाषा. त्यातल्या २२ आठव्या अनुसूचीतल्या, ९९ बाकीच्या.

१०,००० ची ही रेषा १९७१ च्या जनगणनेपासून आहे. त्याआधी, १९६१ मध्ये, १,६५२ मातृभाषांची यादी छापली गेली होती. म्हणजे १९६१ नंतर भारतातल्या भाषा अचानक कमी झाल्या नाहीत. यादी छापायची पद्धत बदलली.

निहाली या रेषेच्या फार खाली आहे. समजा, फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्येक निहाली बोलणाऱ्याने छातीठोकपणे 'निहाली' सांगितलं आणि प्रत्येक प्रगणकाने तसंच लिहिलं, तरी आजच्या पद्धतीने अंतिम यादीत तिचं नाव येणार नाही. दहा हजार माणसं आणणार कुठून?

गटात घालण्याचा परिणाम लहान भाषांपुरताच असतो असं नाही. २०११ मध्ये हिंदीचे ५२.८३ कोटी भाषक दाखवले गेले. त्यातल्या साधारण ३२.२२ कोटी लोकांनी 'हिंदी' असं सांगितलं होतं. बाकीच्या वीस कोटींहून जास्त लोकांनी भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी, मगही अशी नावं सांगितली होती. एकट्या भोजपुरीचेच पाच कोटींच्या वर. बुलढाण्याशी याचा संबंध काय? जिल्ह्यातल्या लोणार, मेहकर, सिंदखेडराजा भागात बंजारा तांडे आहेत. त्यांची गोरमाटी बोली जनगणनेत लमाणी किंवा लंबाडी या नावाने जाते. २०११ मध्ये हे नाव सांगणारे देशभरात ३२ लाखांच्या वर होते आणि ते सगळे हिंदीच्या खात्यात जमा झाले. मराठीतून शिकलेल्या, घरी गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरच्या माणसाला कुणीही न विचारता हिंदी भाषक करण्यात आलं. २०२५ च्या हिंदी वादात हा मुद्दा कुणीच काढला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

'मले' चूक आणि 'मला' बरोबर?

इथे कुणी म्हणेल, ठीक आहे, निहाली-गोरमाटीचं वेगळं आहे, पण बाकी जिल्ह्याची मातृभाषा तर मराठीच ना? हो. फक्त कुठली मराठी? बुलढाणा वऱ्हाडात येतो. इथलं मूल घरी 'मले', 'तुले', 'काहून' ऐकत मोठं होतं. पहिलीत गेलं की पुस्तकात 'मला', 'तुला', 'का' असतं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना शाळेत 'मले' म्हटल्यावर वर्गासमोर हसण्याचा विषय व्हावं लागलंय. पुढे पुण्याला गेल्यावर पुन्हा तेच. आता गंमत अशी की इन्स्टावर वऱ्हाडी कॉमेडीला मिलियनमध्ये व्ह्यूज मिळतात. विनोदासाठी बोली चालते. मुलाखतीला, निवेदनाला, बातमीला नाही.

शहरी भागातल्या मुस्लीम घरांत उर्दू किंवा दखनी वळणाची हिंदुस्थानी बोलली जाते, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळाही आहेत. तिथे निदान भाषेला शाळा आहे.

वऱ्हाडी मूल आणि पाठ्यपुस्तकाची मराठी यांच्यातलं अंतर पायरीएवढं असतं. धडपडत का होईना, चढता येतं. निहाली किंवा कोरकू घरातल्या मुलासाठी ती भिंत असते. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा मराठी माध्यमातल्या. त्या मुलासाठी 'मराठी माध्यम' म्हणजे मातृभाषेतून शिक्षण नव्हे, दुसऱ्या भाषेतून शिक्षण. मुंबईतल्या मराठी मुलाला इंग्रजी माध्यमात घातलं की आपण जो आक्षेप घेतो, तोच इथे मराठीला लागू होतो. फरक एवढाच की इथे मोठ्या भाषेच्या जागी आपण उभे आहोत.

कायदा काय म्हणतो?

कागदावर या मुलांच्या बाजूने पुष्कळ काही आहे. राज्यघटनेचं कलम २९ सांगतं की ज्या नागरिकांची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे, त्यांना ती जपायचा हक्क आहे. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० अ आलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असं ते सांगतं. हे कलम भाषावार प्रांतरचनेच्या वर्षीच आलं हे लक्षात घ्या. मोठ्या भाषांना राज्यं मिळत होती, तेव्हा लहान भाषांचं काय हा प्रश्न तेव्हाही कुणाला तरी पडला होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत शिक्षणाचं माध्यम काय असावं हे लिहिलंय. 'घरची भाषा/मातृभाषा/स्थानिक भाषा/प्रादेशिक भाषा', आणि तेही 'जिथे शक्य असेल तिथे'. मधल्या तिरप्या रेघांवरून पुन्हा एकदा नजर फिरवा. या चार गोष्टी पुण्यात एकच असतील. सोनबर्डीत घरची भाषा निहाली आणि प्रादेशिक भाषा मराठी. धोरणाने दोन्हींना एकाच ओळीत बसवलंय, त्यामुळे राज्याने शेवटचा शब्द उचलला तरी धोरण पाळलं असं म्हणता येतं.

"अडीच हजार लोकांसाठी कुठून आणायचे शिक्षक?" हा प्रश्न रास्त आहे. निहालीत पदवीपर्यंतचं शिक्षण द्या असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण पहिली-दुसरीत मूल घाबरू नये इतपत घरची भाषा वर्गात आणणं, हे अशक्य नाही. ओडिशाने २००६-०७ पासून आदिवासी भागांत बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. सुरुवात दहा भाषांपासून झाली, पुढे त्या एकवीस झाल्या. त्यात संथालीसारखी लाखोंची भाषा आहे आणि बोंडासारखी अगदी लहान भाषाही. सुरुवातीची वर्षं घरच्या भाषेतून, हळूहळू ओडिया आणि मग इंग्रजी. सगळीकडे तो सारखाच यशस्वी झाला असा दावा मी करणार नाही. पण संख्या कमी म्हणून विषयच बंद, असं तिथे झालं नाही. आपल्याकडे २०२५ च्या शासन निर्णयातली २० विद्यार्थ्यांची अट आठवा. सातपुड्यातल्या छोट्या शाळेत अनेकदा पटच तेवढा नसतो.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. निहाल आईवडिलांनाच मुलाने मराठी शिकावं असं वाटत असेल, तर त्यांना चुकीचं ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. रेशनच्या दुकानापासून पोलीस भरतीपर्यंत सगळं मराठीत आहे. निहालीचे जवळपास सगळे भाषक कोरकू, मराठी, हिंदी यांतल्या एकदोन भाषा बोलतातच, आणि त्यांनी त्या हौसेने नाही, पोटासाठी शिकल्या आहेत. काही निहाल कुटुंबांनी तर आपली भाषा कधीच सोडून कोरकू धरलीय. गावगाड्यात ज्यांचं स्थान खालचं धरलं गेलं, त्यांनी वरच्यांची भाषा उचलणं हे जगभर घडतं. 'तुम्ही तुमची दुर्मीळ भाषा जपा' असा उपदेश, इंग्रजी माध्यमात मुलं घातलेल्या आपण त्यांना करावा, हे जरा जास्तच होईल. अडचण ही आहे की त्यांच्यासमोर निवड म्हणून काही ठेवलेलंच नाही. मराठी शिकायची तर निहाली सोडायचीच, असं कुठे आहे? मूल दोन-तीन भाषा आरामात पेलतं, सातपुड्यातली मुलं पिढ्यानपिढ्या पेलतायत.

२०२७ मध्ये काय बघायचं?

पहिली गोष्ट म्हणजे ॲप. या वेळी जनगणना डिजिटल आहे, प्रगणक मोबाईलवर नोंद करतील, लोकांना स्वतःही माहिती भरता येईल. कागदावर जे सांगितलं ते लिहिता येत होतं. मोबाईलवर भाषेचं नाव यादीतून निवडायचं असेल तर त्या यादीत 'निहाली' हे नाव 'नहाली'पासून वेगळं आहे का, हे आत्ताच बघायला हवं. फेब्रुवारीत फार उशीर झालेला असेल.

दुसरी गोष्ट १०,००० ची रेषा. प्रसिद्ध करायची यादी कुठे थांबवायची, हा निर्णय पन्नासेक वर्षांपूर्वी कागद आणि छपाईच्या काळात घेतला गेला. आज एक्सेल फाइलमध्ये आणखी हजार ओळी टाकायला जागा कमी पडत नाही. जी माहिती गोळा झालीच आहे, ती भाषेच्या नावासकट जिल्हावार बाहेर आली, तरी बुलढाण्याच्या जिल्हा परिषदेला कळेल की कुठल्या शाळेत कुठल्या भाषेची मुलं येतात.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. जनगणनेत मातृभाषेच्या पुढे 'येत असलेल्या इतर भाषा' असाही प्रश्न असतो, २०११ मध्ये त्यात दोन भाषा नोंदवता येत होत्या. घरात तांड्याची, डोंगराची किंवा आजीची वेगळी बोली असेल तर तिचं नाव कर्त्या पुरुषाने परस्पर 'मराठी' करून टाकण्याआधी आजीला एकदा विचारलेलं बरं. प्रगणकाला ती सांगेल तेच लिहावं लागतं.

आणि उत्तर दिलं की लगेच आकडा दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. २०११ मध्ये सांगितलेल्या मातृभाषांची आकडेवारी बाहेर आली ती २०१८ मध्ये.